दुपारी टीव्हीवर डॉक्टर काहीतरी सांगतात आणि घरचे आपल्याकडे बघतात, तेव्हा काय करायचं

नर्सिंग, फार्मसी, एमबीबीएस, बीएएमएस, काहीही शिकत असाल तरी सुट्टीत घरी गेलात की हे होणारच. जेवणं आटोपलेली, आजी टीव्हीसमोर, आणि कुणीतरी सांगतंय की अमुक रस घ्या, शुगर मुळापासून जाईल. आजी विचारते, "खरं का गं हे?" सेकंड इयरला असताना मी पटकन म्हणायचे, "काही नाही गं, सगळं फेकतात." त्याने एवढंच झालं की आजीने मला विचारणं बंद केलं, आणि रस मात्र चालूच राहिला.

म्हणून पहिलं काम, चॅनल बदलू नका, शेजारी बसून अख्खा एपिसोड बघा. आणि सगळंच खोटं असतं हे डोक्यातून काढा. 2014 ला बीएमजे या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात कॅनडाच्या संशोधकांचा एक अभ्यास आला होता, त्यांनी अमेरिकेतल्या 'डॉ. ऑझ शो' आणि 'द डॉक्टर्स' या दोन कार्यक्रमांचे 40-40 एपिसोड बघून प्रत्येक कार्यक्रमातले 80 सल्ले तपासले. ऑझच्या सल्ल्यांपैकी 46 टक्क्यांना पुरावा सापडला, 15 टक्के पुराव्याच्या उलट निघाले आणि 39 टक्क्यांना पुरावाच नव्हता. 'द डॉक्टर्स'मध्ये पुरावा असलेले 63 टक्के. म्हणजे साधारण निम्मं बरोबर असतं, आणि अवघड तेच आहे, कारण बरोबर आणि चूक एकाच आवाजात, एकाच हसऱ्या चेहऱ्याने सांगतात. ऑझवर बोट ठेवणाऱ्यांमध्ये अमेरिकेतल्या रोचेस्टर विद्यापीठाचा एक मेडिकल स्टुडंटही होता, बेंजामिन मेझर, त्याने 2013 मध्ये न्यूयॉर्क राज्याच्या मेडिकल सोसायटीकडे ठराव नेला की टीव्हीवरून सल्ला देणाऱ्या डॉक्टरांवर काहीतरी नियम हवेत. अजून डिग्री नाही म्हणून गप्प बसायचं काही कारण नाही.

मग बघा की हा चॅनलचा स्वतःचा कार्यक्रम आहे की पैसे देऊन घेतलेला स्लॉट. खाली फोन नंबर फिरतोय, एकच बाटली पुन्हा पुन्हा दाखवतायत, बरे झालेले पेशंट एकामागून एक बोलतायत, कोपऱ्यात बारीक अक्षरात 'प्रायोजित', तर ती जाहिरात आहे. आपल्याकडे 1954 चा औषधी आणि जादुई उपचार कायदा आहे, त्याच्या यादीत मधुमेह, बीपी, लठ्ठपणा, कॅन्सर सगळं येतं, यावर हमखास इलाज म्हणून औषधाची जाहिरातच करता येत नाही. आमच्या आजोबांना बाकी काही पटत नव्हतं, हे एका मिनिटात पटलं.

आता वही घ्या आणि कार्यक्रम चालू असतानाच चार गोष्टी लिहा: कुणासाठी, किती, किती दिवस, आणि चालू गोळ्यांचं काय. बहुतेक वेळा शेवटची जागा रिकामीच राहते. 'किती' पण तितकंच महत्त्वाचं आहे हो, जुलाबात मीठ-साखरेचं पाणी द्या हा सल्ला एकदम बरोबर, पण ते 1 लिटर पाण्यात 6 सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा छोटा चमचा मीठ असं आहे, अंदाजाने मीठ जास्त पडलं तर लहान मुलाला त्रास होतो.

दुधीच्या रसाचंच उदाहरण बघा. मुळात साधी भाजी, पण कडू दुधीत कुकुरबिटासिन नावाचं विषारी द्रव्य असतं आणि त्याच्या रसाने उलट्या, जुलाब, पोटात रक्तस्रावापर्यंत गेलेल्या केसेस आहेत, म्हणून आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) तज्ज्ञ समितीने स्पष्ट सांगितलंय की कडू रस अजिबात प्यायचा नाही आणि त्रास झाला तर लगेच हॉस्पिटल गाठायचं. गंमत म्हणजे आजी भाजी करताना देठाकडचा तुकडा कापून जिभेवर ठेवतेच, कडू लागला की दुधी फेकते, पण रस औषध म्हणून प्यायचा म्हटल्यावर तीच म्हणाली, "औषध कडूच असायचं." तिला तिचीच सवय आठवून दिली, बास, वेगळं लेक्चर द्यावं लागलं नाही.

गोळ्यांची जागा रिकामी राहिली की काय होतं ते मी घरातच बघितलंय. आजीने सकाळी ग्लिमेपिराइड, म्हणजे शुगर कमी करणारी गोळी घेतली, वर कारल्याचा रस, आणि टीव्हीवर सांगितलं होतं की नंतर तासभर काही खाऊ नका म्हणून नाश्ता केलाच नाही. अकराला तिच्या हाताला कंप, कपाळ घामाने ओलं, पदर भिजलेला. ग्लुकोमीटरवर 58, म्हणजे शुगर खूप उतरलेली. तीन चमचे साखर पाण्यातून दिली, पंधरा मिनिटांनी परत तपासली, मग भात भरवला. तेव्हापासून 'उपाशीपोटी' हा शब्द ऐकला की मी आधी गोळ्यांचा डबा बघते.

आणि एक, आपण स्टुडंट आहोत, गोळी बंद कर किंवा चालू कर हे आपण सांगायचं नाही, टीव्हीवाल्याने सांगितलं तरी नाही आणि आपल्याला उत्तर माहीत असलं तरी नाही. त्याऐवजी प्रश्न कागदावर लिहून ओपीडीच्या फाइलच्या पिशवीत टाका, म्हणजे डॉक्टरांसमोर घाईत विसरत नाही. आधी मी लिहायचे. गेल्या महिन्यात पिशवी उघडली तर आजीच्या अक्षरात होतं: मेथीदाणे भिजवून, किती चमचे? गोळीच्या आधी का नंतर?