सोलरला बॅटरी केवढी लावायची? आधी रात्र मोजा

पाटण खोऱ्यात इन्व्हर्टर-बॅटरीची कामं करतो मी. वर वनकुसवड्याच्या पठारावर पवनचक्क्या गरगरत असतात आणि खाली जुलैत एक फांदी तारेवर पडली की आमच्या वाडीला दोन दोन दिवस लाईट नसते. गिऱ्हाईक विचारतं, "सोलरला बॅटरी केवढी घेऊ?" मी उलट विचारतो, "रात्री काय काय चालतं घरात?"

त्याआधी एक गैरसमज काढून टाका. शेजारच्या आबांनी सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटचं सोलर बसवलं, ७८,००० अनुदान मिळालं, बिल शून्यावर आलं. एका दुपारी लाईट गेली. डोक्यावर ऊन रणरणतंय आणि काकूंचा मिक्सर बंद. आबा फोनवर माझ्यावरच तापले. दोष कुणाचाच नव्हता. ऑन-ग्रिड, म्हणजे थेट लाईनला जोडलेला इन्व्हर्टर लाईन गेली की मुद्दाम बंद होतो, नाहीतर खांबावर चढलेल्या वायरमनला तुमच्या छतावरची वीज झटका देईल. नेट मीटरमध्ये युनिटचा हिशोब साठतो, वीज नाही. अंधारात उजेड हवा असेल तर हायब्रिड (लाईन आणि बॅटरी दोन्हींवर चालणारा) किंवा ऑफ-ग्रिड (लाईनशिवाय चालणारा) इन्व्हर्टर आणि बॅटरी, दोन्ही लागतात.

आता वहीचं पान घ्या. संध्याकाळी सातपासून सकाळी सातपर्यंत जे चालतं तेवढंच लिहा. आमच्या घरचं असं आहे: ९ वॅटचे ४ दिवे ५ तास, म्हणजे १८०. बीएलडीसी (कमी वीज खाणारे) पंखे २, प्रत्येकी ३० वॅट, ९ तास, ५४०. टीव्ही ६० वॅट, ३ तास, १८०. वायफाय १० वॅट, १२ तास, १२०. बेरीज १,०२० वॅट-तास, म्हणजे साधारण एक युनिट. पंखे जुने ७५ वॅटचे असते तर तेच ५४० चे १,३५० झाले असते. म्हणून मी बॅटरीआधी पंखे बदलायला सांगतो. दुकानदार हे सांगत नाही, त्याला बॅटरी खपवायची असते. फ्रिज, गिझर, इस्त्री या यादीत आणू नका. फ्रिज आणलाच तर रात्रीचा निदान अर्धा युनिट धरा.

इन्व्हर्टर स्वतः थोडी वीज खातो, म्हणून १,०२० ला ०.८५ ने भागा. १,२०० झाले. १२ व्होल्ट १५० एएचच्या (एएच म्हणजे ॲम्पिअर-तास) ट्यूब्युलर, म्हणजे पाणी घालायच्या बॅटरीत कागदावर १,८०० वॅट-तास असतात, पण तिला रोज निम्म्याखाली उतरवली तर ती लवकर मान टाकते. म्हणजे हाताशी ९०० च. एकीत भागत नाही, दोन घ्या आणि २४ व्होल्टची जोडणी करा. दोन्ही एकाच कंपनीच्या, एकाच महिन्याच्या असाव्यात. जुनीला नवी जोडली की जुनी नवीलाही घेऊन बसते. लिथियम फॉस्फेट परवडत असेल तर २५.६ व्होल्ट १०० एएचची एकच पुरे. तिच्यातले ८० टक्के वापरता येतात, पाणी घालायची कटकट नाही. मात्र इन्व्हर्टरमध्ये लिथियमचं सेटिंग आहे ना, ते आधी बघा.

पॅनल एप्रिल बघून ठरवू नका. उन्हाळ्यात १ किलोवॅट पॅनल दिवसाला चारेक युनिट देतं, आमच्याकडं जुलैत त्याच्या निम्मं मिळालं तरी नशीब. म्हणून जिथं उन्हाळ्यात ५४० वॅटचं एक पॅनल पुरतं तिथं मी दोन लावतो. मग एप्रिलमध्ये बॅटरीत जास्त करंट घुसून ती उकळू नये म्हणून इन्व्हर्टरवर चार्जिंग करंट १५ ॲम्पिअरवर बांधून टाकतो, १५० एएचचा दहावा भाग. पॅनलच्या पाठीवरच्या स्टिकरवर ओपन सर्किट व्होल्टेज, म्हणजे काही न जोडलेल्या पॅनलचा व्होल्टेज असतो. तो इन्व्हर्टरच्या मर्यादेच्या बराच आत हवा, थंडीच्या सकाळी तो आणखी चढतो.

पावसाळ्यात वारा असतोच, मग छतावर छोटी पवनचक्की का नको? असं दर वर्षी कुणीतरी विचारतं. वारा निम्मा झाला की वीज आठव्या भागावर येते. पठारावरचा वारा आणि खोऱ्यातल्या घराच्या कौलावरचा वारा यात तोच फरक आहे. पैसे पॅनलमध्ये घाला.

बॅटरी बसवताना पत्र्याखालची खोली टाळा, उष्णतेनं आयुष्य झपाट्यानं घटतं. चार्ज होताना हायड्रोजन निघतो, म्हणून देवघर आणि गॅसची शेगडी लांब. बॅटरीजवळ डीसीचाच फ्यूज लावा, घरातला एसीचा एमसीबी (आपोआप पडणारा स्विच) तिथं चालत नाही. टर्मिनलला व्हॅसलिन चोपडा.

आणि पाणी. दिव्याखाली अंधार म्हणतात तसं माझ्याच घरी झालं. गावभर बॅटऱ्या तपासत फिरलो आणि घरच्या दोन वर्षं उघडल्या नाहीत. एक दिवस टोपण काढलं तर फ्लोट (पाण्याची पातळी दाखवणारी कांडी) तळाला, टॉर्च मारला तर प्लेटांची वरची कड पांढरी फटक. डिस्टिल्ड वॉटर भरलं, उपयोग शून्य. आता दर दोन महिन्यांनी बघतो. पूर्ण चार्ज झाल्यावर हायड्रोमीटरवर प्रत्येक सेलमधल्या ॲसिडची ग्रॅव्हिटी (घनता) १२४० च्या आसपास हवी. एकच सेल बाकीच्यांपेक्षा बरीच खाली असेल तर गॅरंटी कार्ड शोधायला लागा. फिल्टरचं पाणी चालत नाही, विहिरीचं तर नाहीच.

शेतावर मात्र बॅटरी घेऊच नका. दिवसा सोलर पंपानं टाकी किंवा शेततळं भरा, रात्री हवं ते पाणी भरलेलं असतं. घाटघरच्या जलविद्युत प्रकल्पात सरकारनं मोठ्या प्रमाणावर हेच केलंय: वीज जास्त असेल तेव्हा पाणी वरच्या धरणात चढवायचं, लागेल तेव्हा खाली सोडून २५० मेगावॅट काढायचे. ते बघून एकानं विचारलं, मग टाकीच्या पाण्यावर जनित्र का नाही? १० मीटर उंचीवरच्या हजार लिटर पाण्यात जेमतेम २७ वॅट-तास असतात. एक दिवा, तीन तास. घाटघरला उतार चारशे मीटरचा आहे आणि पाणी धरणभर.

सगळं जोडून झालं की पहिल्या रात्री मेन स्विच पाडा आणि नेहमीसारखं राहा. सकाळी सात वाजता लोड बंद करून अर्धा तास थांबा, मग ट्यूब्युलरच्या जोडीवर मल्टिमीटर लावा. २४.४ किंवा वर दिसलं तर हिशोब बरोबर. २४ च्या खाली असेल तर घरात कुठंतरी यादीत नसलेलं काहीतरी रात्रभर चालू होतं. आमच्याकडं ते बहुतेक वेळा आजीच्या खोलीतला जुना पंखा असतो.