गणवेश निविदेतच फाटतो: खरेदीतल्या या चुका टाळा

कर्मचाऱ्यांसाठी मागवलेल्या गणवेशाचा माल खराब निघाला की पहिलं बोट ठेकेदाराकडे जातं. मी तपासणीला गेलो की आधी निविदेचं तांत्रिक पान मागतो. तिथे बहुतेक वेळा एवढंच असतं: ‘उत्तम दर्जाचे टेरिकॉट कापड, पक्का रंग, मजबूत शिलाई.’ (टेरिकॉट म्हणजे पॉलिएस्टर आणि सुताचं मिश्रण.) तीन विशेषणं, आणि त्यातलं एकही मोजता येत नाही. दोन धुण्यांत पँट पांढरी पडली तरी पुरवठादार म्हणू शकतो की उत्तमच होतं, साहेब. आणि कागदावर तो खरा ठरतो.

कापड शब्दांत मागणं

मागायचे ते आकडे. मिश्रण किती (समजा 67 टक्के पॉलिएस्टर, 33 टक्के सुती), दर चौरस मीटरचं वजन म्हणजे जीएसएम किती, इंचाला ताण्याचे (उभे) आणि बाण्याचे (आडवे) धागे किती, पन्हा म्हणजे कापडाची रुंदी किती, धुतल्यावर जास्तीत जास्त किती टक्के आटलेलं चालेल. रंगाचा पक्केपणा 1 ते 5 च्या श्रेणीत मोजतात. धुण्याला आणि घामाला किमान 4 हवा, असं सरळ लिहा. उन्हाची श्रेणी वेगळी, 1 ते 8. रस्त्यावर उभं राहणाऱ्या माणसाच्या शर्टासाठी ही ओळ सर्वांत महत्त्वाची, आणि नेमकी तीच विसरली जाते.

जीएसएम मोजायला प्रयोगशाळाच लागते असं नाही. कापडातून 10 सेंटिमीटर बाय 10 सेंटिमीटरचा चौकोन नीट कापा आणि सोनाराच्या काट्यासारख्या बारीक काट्यावर ठेवा. 2.1 ग्रॅम भरला तर जीएसएम 210. मात्र मेख कांजीत आहे. हलक्या कापडाला भरपूर कांजी किंवा फिनिश चढवलं की ते हाताला जाड लागतं आणि काट्यावरही वजन दाखवतं. एका धुण्यानंतर ते मच्छरदाणीसारखं होतं. म्हणून निविदेत ‘धुऊन, कांजी काढून मोजलेले वजन’ हे शब्द घाला. या पाच शब्दांनी मी अख्खा लॉट परत गेलेला पाहिला आहे.

धागा जाळून बघायची जुनी युक्ती काही अंशी चालते. सूत कागदासारखं जळून मऊ राख होतं, पॉलिएस्टर आक्रसून कडक मणी बनतं. पण व्हिस्कोस, म्हणजे लाकडाच्या लगद्यापासून केलेला धागा, तोही सुतासारखाच जळतो. भिलवाड्याच्या पॉलिएस्टर-व्हिस्कोस सुटिंगमध्ये आणि टेरिकॉटमध्ये काडेपेटी फरक सांगणार नाही, आणि मिश्रणाची टक्केवारी तर नाहीच. त्यासाठी प्रयोगशाळा गाठावी लागते. मुंबईत प्रभादेवीला वस्त्रोद्योग समिती आहे, घाटकोपरला बीटीआरए (बॉम्बे टेक्सटाइल रिसर्च असोसिएशन) आहे.

नमुन्याचंही तसंच. एकच नमुना घेऊन तो साहेबांच्या कपाटात ठेवू नका. एकसारखे तीन घ्या: एक तुमच्याकडे, एक पुरवठादाराकडे, एक तपासणाऱ्याकडे. तिन्हींवर दोघांच्या सह्या आणि लाखेचं सील. नमुना आणि तांत्रिक पान यांत फरक निघाला तर कुठलं धरायचं, हेही आधीच लिहा. नाहीतर ‘नमुन्यात असंच होतं’ हे उत्तर तयारच असतं.

मापं खुर्चीत बसून ठरवणं

एका भांडारात दोनेकशे पँटी वर्षानुवर्षं पडून होत्या, सगळ्या 42 कमरेच्या. मागणीपत्र करताना कोणीतरी एस, एम, एल, एक्सएल समसमान भागून टाकले होते. झाडू मारून आयुष्य गेलेल्या माणसांत 42 कमर किती जणांची असते?

मोठ्या प्रमाणावर हाच गोंधळ आपण 2024-25 मध्ये पाहिला. ‘एक राज्य, एक गणवेश’ म्हणून कापड वरून घेतलं, शिलाई महिला आर्थिक विकास महामंडळामार्फत बचत गटांकडे दिली. शाळा सुरू झाल्या तरी गणवेश पोचले नाहीत, जे पोचले त्यांत कुठे बाही लांब, कुठे शर्ट अंगाला आवळणारा, अशा तक्रारी राज्यभरातून आल्या. डिसेंबर 2024 मध्ये शासनाने निर्णय फिरवला आणि पुढच्या वर्षीपासून खरेदी पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे दिली. शिवणाऱ्या बायकांचा यात दोष मला कमीच दिसतो. समोर मूल नसताना शिवलेला कपडा अंगाला बसेल कसा?

मोठ्या आदेशात आधी प्रत्येक आकाराचा एकेक नग शिवून घ्या आणि तो माणसांना प्रत्यक्ष घालून पाहा. वाकून, बसून, हात वर करून. मग यादी पक्की करा. पँटीला कमरेत आणि तळाशी पुरेशी माया (शिवणीच्या आत दुमडलेलं जादा कापड) सोडायला लावा, म्हणजे गावातला शिंपी अर्ध्या तासात ती सैल करेल. आणि महिला कर्मचाऱ्यांची मापं वेगळी घ्या. गमबूट सरसकट 8 आणि 9 नंबरचे मागवले की बायका चपलेवरच काम करतात, आणि मग आपणच म्हणतो, ‘साहित्य देऊनही वापरत नाहीत.’

‘रेडियम पट्टी’

आपल्याकडे चमकणाऱ्या पट्टीला सगळे रेडियम म्हणतात. बोलताना म्हणा, निविदेत नको. तसं लिहिलं की चंदेरी छपाईची पट्टी येते. ती दिवसा चकाकते आणि रात्री डंपरच्या दिव्यात काळी दिसते. हवी असते प्रकाश आला त्याच दिशेला परत फेकणारी परावर्तक पट्टी, किमान 50 मिलिमीटर रुंद, आणि खाली चमकदार पिवळं किंवा केशरी कापड. भारतीय मानक आयएस 15809 आहे, आंतरराष्ट्रीय मानक आयएसओ 20471. त्या आयएसओच्या वर्ग 2 मध्ये किमान 0.50 चौरस मीटर चमकदार कापड आणि 0.13 चौरस मीटर पट्टी लागते. रस्त्यावरच्या कामाला याहून खाली उतरू नका. तपासायची घरगुती रीत: अंधारात जॅकेट पंधरा-वीस पावलांवर टांगा, टॉर्च डोळ्याजवळ धरून मारा. पाच धुण्यांनंतर पुन्हा मारा.

याहून धोक्याची चूक म्हणजे वेल्डर किंवा भट्टीवरच्या माणसाला बाकीच्यांसारखंच टेरिकॉट देणं. पॉलिएस्टर साधारण 250 ते 260 अंशांना वितळतं आणि कातडीला चिकटतं. अशा जागी आयएस 15748 चा उष्णतारोधक कपडा मागा. ज्वालारोधक प्रक्रिया केलेलं सुती कापड घेत असाल तर धुलाईची सूचना मराठीत, कपड्यावरच शिवलेली हवी. ब्लिचिंग पावडरने ती प्रक्रिया बिघडते, आणि आपल्याकडे कामाचे कपडे त्याच पावडरीत भिजतात.

एल-वन (सर्वांत कमी दर) पाहून खूश होणं

पडलेला दर उलटा मोजा. 58 इंच पन्ह्यात पँटला साधारण सव्वा मीटर कापड जातं. त्याची किंमत, अस्तर, चेन, बटण, शिलाई, वाहतूक मांडा आणि बघा दर जुळतो का. जुळत नसेल तर कापड कुठून तरी कापलं जाणार. कराचाही हिशेब ताजा ठेवा: 22 सप्टेंबर 2025 पासून 2500 रुपयांपर्यंतच्या कपड्याला 5 टक्के जीएसटी आहे आणि त्याहून महाग कपड्याला 18. जुन्या हजार रुपयांच्या मर्यादेवर केलेली अंदाजपत्रकं अजून फिरताना दिसतात.

उलाढालीच्या आणि अनुभवाच्या अटी फुगवल्या की सोलापूरचा गणवेश शिवणारा खरा कारखानदार बाहेर राहतो. आत येतो व्यापारी, जो शेवटी त्याच सोलापुरातून माल उचलतो, फक्त मधले पैसे कापडातून वसूल करून. केंद्रीय खरेदीत सूक्ष्म आणि लघु उद्योगांसाठी 25 टक्के वाटा आणि बयाणा रकमेची सूट आहे, व्यापाऱ्याला ती नाही. ‘शिवणार कुठे?’ हा प्रश्न विचारा आणि तिथे एकदा जाऊन या. लघु उद्योगाचं बिल 45 दिवसांत देणं हे 2006 च्या कायद्याने बंधनकारक आहे. आठ महिने रखडवणाऱ्या कार्यालयाला पुढच्या निविदेत चढा दरच मिळतो.

वेळ

रेनकोट मृगाआधी हवा असेल तर मार्चअखेरीस घाईने आदेश काढून उपयोग नाही. नमुना, चाचणी, कापड, रंगाई, शिलाई हे सगळं मे संपायच्या आत बसायला हवं. गणपतीत आलेले रेनकोट मीही मोजून घेतले आहेत.

माल आल्यावर

जेमवर (सरकारी खरेदीच्या ऑनलाइन बाजारावर) खरेदी असेल तर माल पोचल्यापासून 10 दिवसांत स्वीकृतीचं प्रमाणपत्र द्यावं लागतं, आणि प्रयोगशाळेचा अहवाल अनेकदा त्यानंतर येतो. म्हणून चाचणी माल निघण्याआधी, कारखान्यातच नमुने काढून करा. नमुने पुरवठादाराने नव्हे, तुमच्या माणसाने उचलायचे, आणि वरच्या गठ्ठ्यातून नव्हे, मधल्या. नमुने तपासण्याच्या आयएस 2500 या मानकाच्या नेहमीच्या तक्त्याप्रमाणे 1000 नगांच्या लॉटमधून 80 नग पाहतात. सदोष नगांची 2.5 टक्के ही स्वीकारार्ह पातळी धरली तर 5 सदोष निघेपर्यंत लॉट पास, 6 निघाले की परत.

आणि रंग गेलेला, उसवलेला माल आधीच वाटून झाला असेल तर? गाजावाजा नको. आधी बिल आणि सुरक्षा अनामत थांबवा. न वापरलेले पाच-सहा नग सर्वांसमक्ष सील करा, वापरलेले तितकेच वेगळे ठेवा, पंचनामा करा. मग सीलबंद नमुन्याचा आणि मालाचा अहवाल एकाच प्रयोगशाळेतून मागवा आणि त्याच्या आधारे बदलून देण्याची नोटीस काढा. कुणाला किती नग दिले याची सह्यांची वही नीट ठेवलेली असेल, तरच परत घेतलेल्या आणि नव्याने दिलेल्या नगांचा मेळ लागतो. लेखापरीक्षक पहिल्यांदा तीच मागतो.