कोल्ड्रिंकच्या रिकाम्या बाटलीत घरची जिंजर बिअर

नाशिकच्या मे महिन्यात दुपारी काहीतरी गार आणि फसफसणारं हवंच असतं, त्यासाठी ही जिंजर बिअर, म्हणजे आल्याचं आंबवलेलं फसफसणारं पेय, आणि प्रत्येक घरात कोल्ड्रिंकच्या रिकाम्या बाटल्या पडलेल्या असतातच, त्या भंगारवाल्याला देऊ नका, तेच आपलं मशीन. बाकी पातेलं, गाळणी, नरसाळं.

आधी आल्याचं विरजण लावायचं. बरणीत दोन ग्लास उकळून गार केलेलं पाणी, चमचाभर किसलेलं आलं, चमचाभर साखर, वर फडकं बांधायचं, झाकण नको. रोज परत एकेक चमचा टाकत राहा. मी गंगेवरच्या (म्हणजे गोदाकाठच्या) भाजीबाजारातून आलं आणतो, माती धुवायची पण साल काढायची नाही, कारण साखर आंबवून गॅस करणारं यीस्ट सालीवरच असतं. उन्हाळ्यात चारेक दिवसांत बुडबुडे येतात, बरणीला कान लावला तर चुरचुर ऐकू येते. बुरशी दिसली तर मोह न करता फेका.

मग २ लिटर पाण्यात १०० ग्रॅम ठेचलेलं आलं आणि १५० ग्रॅम साखर घालून पंधरा मिनिटं उकळा. पूर्ण गार झाल्यावर गाळा (गरम असेल तर यीस्ट मरतं आणि मग बसा वाट बघत), दोन लिंबं पिळा, अर्धा कप विरजण गाळून घाला, की भरा बाटल्या, वर दोन इंच मोकळं सोडून.

बाटली मात्र सोड्याचीच, बुडाला पाच खुर असलेली जाड. पाण्याची पातळ बाटली चालत नाही, आणि काचेची तर अजिबात नाही. मी एकदा हौसेने सरबताच्या काचेच्या बाटलीत भरली, रात्री दोनला स्वयंपाकघरात धडाम्, आई अजून ऐकवते.

हिशोब असा आहे की १ ग्रॅम साखर आंबली की साधारण अर्धा ग्रॅम गॅस होतो. कोल्ड्रिंकइतक्या फसफशीला लिटरमागे १२-१४ ग्रॅम साखर पुरते आणि आपण घातलीये ७५, म्हणजे गॅस आपोआप थांबणार नाही, थांबवायचा आपण. खरी बिअर करणारे आधी सगळी साखर आंबू देतात आणि बाटलीत भरताना लिटरला ६-७ ग्रॅमच नवीन घालतात, त्यालाच प्रायमिंग म्हणतात, पण ती घरी करायला आपल्याकडे परवाना लागतो त्यामुळे तो विषय इथेच सोडतो.

तर थांबवायचं कधी? बाटली रोज सकाळ-संध्याकाळ दाबून बघायची. पहिल्या दिवशी बोट आत जातं, दगडासारखी कडक लागली की लगेच फ्रीजमध्ये. आमच्याकडच्या उन्हाळ्यात हे एक-दोन दिवसांत होतं, थंडीत चार-पाच दिवसही लागतात. अजून एक सोपी खूण म्हणजे बाटलीत दोन बेदाणे टाकायचे (नाशिककरांना बेदाण्यांची काय कमी), गॅस धरला की तळातले बेदाणे फुगून वर तरंगायला लागतात.

फ्रीजमध्ये रात्रभर तरी राहू द्या, गार पाण्यात गॅस नीट मुरतो. उघडताना सिंकवर धरून झाकण अगदी हळू, फुस्स होऊ दे, घट्ट करा, परत हळू. फ्रीजमध्येही आंबणं थोडं चालूच असतं म्हणून आठवड्यात संपवा, आणि किंचित अल्कोहोल तयार होतं, त्यामुळे लहान पोरांना आणि ज्यांना अजिबात चालत नाही त्यांना देऊ नका.

तळाला पांढरा गाळ बसतो, तो ग्लासात येऊ द्यायचा नाही, चव बिघडते. आमच्याकडे ते शेवटचं दोन बोटं पाणी कढीपत्त्याच्या कुंडीत जातं.