घरी बांधलेल्या तीनचाकी सायकलची चाके : निवड, हबमधील बदल आणि बांधणी

दुचाकी सायकल वळणावर झुकते, त्यामुळे तिच्या चाकावरचा भार जवळजवळ चाकाच्या रेषेतच राहतो. तीनचाकी झुकत नाही; वळणावरचा आडवा भार थेट टायरच्या तळाशी लागतो आणि तो रिम, स्पोक, हब (चाकाचा मधला भाग) आणि आस यांनाच पेलावा लागतो. पुढे दोन आणि मागे एक चाक असेल, तर पुढची चाके बहुधा एकाच बाजूने धरलेली असतात, म्हणजे आसाचे दुसरे टोक मोकळेच राहते. ‘जुन्या सायकलींची पुढची दोन चाके काढा आणि बसवा’ हा सल्ला या दोन्ही गोष्टींकडे दुर्लक्ष करतो, म्हणून तो मला मुळीच मान्य नाही. माझे दुसरे ठाम मत असे आहे, की चाके आधी पूर्ण बांधावीत आणि चौकटीला हात नंतर घालावा. त्याचे कारण शेवटच्या पायरीत येईल.

१. आकार ठरवणे

पुढच्या चाकांसाठी २० इंची रिम घ्यावी, मात्र ‘२० इंच’ एवढ्यावर विसंबू नये. या नावाखाली ४०६ आणि ४५१ मिलिमीटर असे टायर-बैठकीचे (रिमवर टायरची कडा जिथे बसते त्या जागेचे) दोन निरनिराळे व्यास विकले जातात आणि एकाचा टायर दुसऱ्यावर बसत नाही. टायरच्या कडेवर ‘४७-४०६’ असे आकडे असतात. त्यांतला पहिला रुंदीचा आणि दुसरा बैठकीच्या व्यासाचा. ४०६ घ्यावी, कारण बीएमएक्स सायकलींच्या मजबूत, ३६ छिद्रांच्या रिमा याच मापात मिळतात. मोठे चाक खड्ड्यांतून सुखाने जाते हे खरे, पण हब तोच ठेवून २६ इंची रिम लावली की स्पोक लांबतात, रिमला बाजूने आधार देणारा त्यांचा कोन अरुंद होतो आणि चाक आडव्या भाराला लवचिक पडते. मागचे चाक दोन्ही बाजूंनी धरलेले असते; तिथे ३६ स्पोकांचे कोणतेही चांगले चाक चालते.

२. हब आणि आस

इथे घाई करू नये. साध्या सायकलच्या पुढच्या हबचा ९ किंवा १० मिलिमीटरचा आस दोन्ही टोकांना धरण्यासाठी केलेला असतो. तोच एका बाजूने धरला, की किंगपिनच्या (पुढचे चाक ज्याभोवती वळते त्या खिळीच्या) तोंडाशी, म्हणजे आस तिच्यात शिरतो तिथे, सगळा वाकवणारा जोर एकवटतो. समजा, वळणावर बाहेरच्या चाकाच्या तळाशी ४० किलोचा आडवा भार आला आणि चाकाची त्रिज्या २५ सेंटिमीटर आहे, तर पाव मीटर लांब पान्याच्या टोकाला ४० किलो टांगल्यावर जेवढा जोर पडेल, तेवढा आसावर पडतो. शिवाय सरळ जाताना गाडीचे वजन आसाला एका दिशेने वाकवते आणि जोरात वळताना हा आडवा भार उलट दिशेने. अशा उलटसुलट ताणानेच धातू थकतो आणि एके दिवशी कोणतीही सूचना न देता तुटतो.

भरीव आसाची वाकण्याविरुद्धची ताकद व्यासाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. १२ ऐवजी १५ मिलिमीटर घेतल्यास ती जवळजवळ दुप्पट होते. म्हणून १२ मिलिमीटर ही मी किमान मर्यादा मानतो आणि शक्य असेल तिथे १५ किंवा २० मिलिमीटरच्या आरपार आसाचा हब घेतो. हबमध्ये ६००१ क्रमांकाचे बेअरिंग असेल, तर त्याची मापे १२×२८×८ असतात. ६९०२ ची मापे १५×२८×७ आहेत. बाहेरचा व्यास एकच असल्यामुळे हब न कोरता १५ चा आस बसवता येतो. फक्त बाहेरच्या बाजूची बुश (आसावरची, अंतर राखणारी छोटी नळी) प्रत्येकी १ मिलिमीटर लांब करावी लागते.

आस म्हणून ८.८ किंवा त्यावरच्या ग्रेडचा (ताकदीच्या वर्गाचा) बोल्ट घ्यावा आणि त्याचा गुळगुळीत भाग दोन्ही बेअरिंगांतून व किंगपिनच्या तोंडातून पार जाईल एवढी लांबी निवडावी. आटे फक्त नटाखाली असावेत, कारण आट्यांच्या खाचेतूनच तडा सुरू होतो. पूर्ण आट्यांचा रॉड कधीही वापरू नये. ‘बोल्ट किंगपिनला वेल्ड करून टाका’ असे सांगणाऱ्याचे तर ऐकूच नये. कडक केलेल्या बोल्टची ताकद त्या उष्णतेने नेमकी सर्वाधिक भाराच्या जागी नाहीशी होते.

३. दोन बेअरिंगांमधला स्पेसर

माझी पहिली तीनचाकी याच पायरीवर अडली होती. बेअरिंगे नवी होती, आसही उत्तम होता, तरी नट आवळला की चाक जड फिरायचे आणि सैल केला की हलायचे. मी मधला मार्ग म्हणून नट अर्धवट आवळून गाडी चालवली. काही दिवसांतच चाक हाताने हळू फिरवताना बोटांना वाळूसारखी खरखर लागू लागली. बेअरिंगे बदलली, तरी पुन्हा तेच झाले. शेवटी हब उघडून दोन बेअरिंगांमधली नळी, म्हणजेच स्पेसर, मोजली, तेव्हा ती ०.३ मिलिमीटर आखूड निघाली.

कारण असे आहे. बेअरिंगच्या बाहेरच्या कड्या हबमधल्या खांद्यांना टेकतात आणि आतल्या कड्यांमध्ये ही नळी असते. नळी खांद्यांमधील अंतरापेक्षा आखूड असेल, तर नट आवळताच आतल्या कड्या एकमेकींकडे ओढल्या जातात, गोळ्या खाचेच्या कडेवर चढतात आणि भार नसतानाही बेअरिंग दाबाखाली राहते. दोन्ही खांद्यांमधले अंतर खोली मोजणाऱ्या व्हर्नियरने तीन ठिकाणी मोजावे आणि नळी लेथवर त्यापेक्षा ०.१ मिलिमीटर लांब करून घ्यावी. ‘तंतोतंत करा’ असे सांगितले जाते, पण तंतोतंत करायला गेल्यास चूक आखूडपणाकडे जाण्याची शक्यता तेवढीच असते. पहिले बेअरिंग खांद्याला टेकवावे आणि दुसरे नळीला स्पर्श होताच थांबवावे; ते खांद्यापासून केसभर दूर राहिले तरी बिघडत नाही. नळीची दोन्ही तोंडे एकमेकांना समांतर असलीच पाहिजेत, म्हणून करवतीने कापून कानसीने घासलेली नळी चालत नाही.

बेअरिंग बसवताना फक्त बाहेरच्या कडीवर दाब द्यावा, त्यासाठी आट्यांचा रॉड आणि योग्य मापाचे वॉशर पुरेसे होतात. हातोडा वापरू नये. काम नीट झाले असेल तर नट पूर्ण आवळल्यावरही चाक मोकळे फिरते आणि बाजूने अजिबात हलत नाही. या दोन्ही गोष्टी एकदम साधल्या नसतील, तर नळी पुन्हा मोजावी.

४. स्पोक भरणे

२ मिलिमीटर जाडीचे ३६ स्पोक, दोन-छेद पद्धतीने (म्हणजे प्रत्येक स्पोक हबपासून रिमपर्यंत जाताना दुसऱ्या दोन स्पोकांना ओलांडतो). लहान रिममध्ये तीन-छेद केल्यास निप्पल (रिमपाशी स्पोक आवळणारा छोटा नट) फार तिरके बसते आणि स्पोक तिथेच वाकून तुटतो. हबवर डिस्क किंवा ड्रम ब्रेक असेल तर सरळ त्रिज्येत भरलेले स्पोकही चालत नाहीत. पद्धत बदलली की लांबी किती बदलते ते पाहावे : निप्पल-बैठकीचा व्यास ३९०, फ्लँजवरील (हबच्या बाजूची, स्पोक अडकवण्याची चकती) छिद्रांच्या वर्तुळाचा व्यास ५८ आणि फ्लँज मध्यापासून ३० मिलिमीटर असल्यास दोन-छेदासाठी सुमारे १७५ आणि तीन-छेदासाठी सुमारे १८३ मिलिमीटरचा स्पोक लागतो.

५. रिम मध्यावर आणणे

दुचाकीत रिम दोन्ही टोकांच्या नटांच्या मध्यावर आणतात. एका बाजूने धरलेल्या चाकाला ते बंधन नसते, आणि हा मोठा फायदा आहे. रिम दोन फ्लँजांच्या बरोबर मध्ये ठेवावी, म्हणजे दोन्ही बाजूंच्या स्पोकांचा कोन आणि ताण सारखा राहतो आणि चाक डाव्या व उजव्या वळणाला सारखेच मजबूत ठरते. नखाने स्पोक छेडून पाहावेत. दोन्ही बाजूंचा स्वर एकच यायला हवा. ताण रिमच्या उत्पादकाने दिलेल्या मर्यादेच्या आत, पण तिच्या जवळ ठेवावा. मग समांतर स्पोकांच्या जोड्या हाताने जोरात दाबून पुन्हा आऊट (रिमचा डगमगाट) काढावा.

६. मोजमाप आणि किंगपिन

आता चाक आस व बुशांसह जोडून, किंगपिनच्या मध्यरेषेपासून रिमच्या मध्यापर्यंतचे अंतर आसाच्या उंचीवर मोजावे. किंगपिनची रेषा खाली वाढवल्यावर टायर जमिनीला जिथे टेकतो तिथेच पोचली पाहिजे; ती चुकली, तर एका चाकाचा ब्रेक दाबताच हँडल त्या बाजूला ओढले जाते. अंतर ६० मिलिमीटर आणि चाकाची त्रिज्या २५० असेल, तर उभ्या चाकासाठी किंगपिनचा कल सुमारे १३.५ अंश येतो. तेच अंतर ५५ झाले, तर तो सुमारे १२.४ होतो. हबमध्ये एखादी बुश बदलली किंवा रिम थोडी सरकली तरी हा आकडा हलतो, म्हणूनच किंगपिनच्या नळ्या या मोजमापानंतरच कापाव्यात आणि दोन्ही चाके स्वतंत्रपणे मोजावीत.

पहिल्या ५० किलोमीटरनंतर स्पोकांचा ताण पुन्हा तपासावा. आसाला नायलॉनची कडी असलेला नट लावावा आणि तो दर वेळी काढताना नवा घ्यावा.