सोलापुरात नव्याने राहायला आलात? प्लंबर बोलावण्याआधी थोडं थांबा

मी मूळची गुहागरकडची. नवऱ्याची बदली झाली म्हणून तीन-चार वर्षांसाठी सोलापूरला आले, त्याला आता सोळा वर्षं झाली. गावी पाणी म्हणजे परसातली विहीर. पंप बिघडला की वाडीतलाच कुणीतरी पाना घेऊन यायचा आणि चहा पिऊन जायचा. त्याच्याकडे कागद मागायचा असतो हे कधी डोक्यातही आलं नव्हतं. ते इथे आल्यावर, पैसे घालवून शिकले. आमच्या जुळे सोलापुरात दर मे-जूनमध्ये बदलीची नवी कुटुंबं येतात आणि सामान उतरून होत नाही तोवर कुणीतरी जिन्यात गाठून विचारतं, "वहिनी, प्लंबर आहे का हो कुणी ओळखीचा?" एकेकीला सांगून तोंड दुखलं, म्हणून एकदाच लिहून टाकते.

आधी इथल्या पाण्याची रीत समजून घ्या, नाहीतर पुढचं काही पटणार नाही. शहराचं बरंचसं पाणी शंभरेक किलोमीटरवरच्या उजनी धरणातून येतं. काही टाकळीला भीमेतून, काही हिप्परग्याच्या तलावातून. नळाला ते रोज येत नाही. मध्ये काही दिवस जातात. किती, ते तुमच्या भागावर आणि ऋतूवर. म्हणून प्रत्येक घराला खाली हौद, वर टाकी आणि मध्ये मोटर. 'पाण्याचा दिवस' हा शब्द पहिल्या आठवड्यातच तुमच्या तोंडी बसेल. पाहुण्यांना कधी बोलवायचं, गोधड्या कधी भिजवायच्या, सगळं त्यावर ठरतं.

मधल्या दिवसांत रस्त्याखालची लाइन रिकामी असते, आणि खरी ग्यानबाची मेख तिथे आहे. रिकामी होताना पाइप बाहेरचं आत ओढतो. एखादा सांधा सैल असेल आणि शेजारून गटार जात असेल, तर ते पाणी पाइपात शिरतं आणि पाण्याच्या दिवशी पहिल्या धारेबरोबर तुमच्यासकट पुढच्या दहा घरांत जातं. मुख्य लाइनीला कुणीही उठून हात लावू नये, तिथे परवानाधारक प्लंबरच हवा, त्यामागचं कारण हे आहे.

आमचं काय झालं ते सांगते. हद्दवाढ भागात, म्हणजे 1992 साली शहरात आलेल्या भागात, आम्ही छोटं घर घेतलं. जुना नळ अगदीच बारीक धारेचा, म्हणून नवीन अर्धा इंची जोड घ्यायचा होता. कोपऱ्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानातून एक मिस्त्री मिळाला. "म्याडम, अर्जबिर्ज कशाला ओ? रात्रीत जोडून देतो की." आणि दिलंही. पाणी आलं, मी खुशीत शेंगाची पोळी केली. पावसाळ्यात दारापुढचा रस्ता खचला आणि पाण्याला वास यायला लागला. महापालिकेच्या माणसांनी खणलं तेव्हा मी तिथेच उभी होते. मेन लाइनीला भोक पाडून त्यात फेरूल (मेन लाइनीतून घराचा जोड काढायचा तुकडा) कसाबसा बसवलेला, आणि सांध्यावर सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळून वर बाइंडिंगची तार. पट्टी काळ्या मातीत कुजून चिकट झाली होती. जोड अनधिकृत म्हणून तोडला गेला. रीतसर अर्ज, खोदाईचे पैसे, दंड, सगळं आम्ही भरलं. मिस्त्रीचा फोन तेव्हापासून बंद आहे तो आहेच.

तर परवाना. तो महापालिका देते. 1949 च्या महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमातच प्लंबरांच्या परवान्याची तरतूद आहे. नवीन नळजोड, फेरूल बदलणं, जोड सरकवणं, ड्रेनेजची लाइन महापालिकेच्या चेंबरला जोडणं, ही त्याची कामं. नळजोडाच्या अर्जावर परवानाधारकाची सही लागते. परवाना हातात घेऊन बघा, मोबाइलमधला अर्धवट फोटो नको. नाव, क्रमांक आणि मुख्य म्हणजे मुदत. परवान्याचं नूतनीकरण करावं लागतं आणि मुदत संपलेला कागद प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून वर्षानुवर्षं दाखवणारे कमी नाहीत. कुठल्या महापालिकेचा आहे तेही वाचा. पुण्याचा किंवा पिंपरीचा परवाना इथल्या लाइनीला चालत नाही. मग आपल्या झोन कार्यालयात जाऊन पाणीपुरवठ्याच्या टेबलावर क्रमांक दाखवा आणि हा माणूस चालू यादीत आहे का ते विचारा. मिळकत कराची पावती न्या, अर्जाला तशीही लागेल. सकाळी जा, जेवणानंतर जाल तर 'साहेब साइटवर गेलेत' ऐकाल. तुमचं घर हद्दीबाहेर असेल तर हा सगळा मामला ग्रामपंचायतीकडे, तिथे चौकशी करा.

आता खरी गंमत. सही एकाची आणि हात दुसऱ्याचे, हा प्रकार सर्रास चालतो. परवानाधारक अर्जावर सही करून देतो, त्याचे ठरावीक पैसे घेतो आणि खड्ड्यात उतरतो कालपरवा कामाला लागलेला पोरगा. पोराचा दोष नाही, शिकणार कुठे? पण फेरूल बसवायच्या वेळी परवान्यावरचा माणूस स्वतः हजर पाहिजे, हे आधीच तोंडावर सांगा. मी तर म्हणते, "अण्णा, तुम्ही येणार असाल तरच खड्डा घ्या." कुणी रागावत नाही. जो रागावला, त्याला बोलवूच नका.

घराच्या आतल्या कामाला, म्हणजे बाथरूमची लाइन, गिझर, सिंक यांना, परवान्याचा फारसा उपयोग नाही असं माझं मत आहे. तिथे शिक्षण आणि हात बघायचा. आयटीआयचा प्लंबर ट्रेड एक वर्षाचा असतो; अलीकडच्या प्रमाणपत्रांवर क्यूआर कोड असतो, तो मोबाइलने बघता येतो. आधार कार्ड, ई-श्रम कार्ड, जीएसटी नंबर, चकचकीत व्हिजिटिंग कार्ड यांतून माणूस कोण ते कळतं, काम येतं का ते नाही. उलट आमच्याकडे गेली दहा वर्षं येणारे मामा सातवी पास आहेत आणि त्यांचा एक सांधा गळलेला मला आठवत नाही.

मग ओळखायचं कसं? पहिल्या भेटीत तो काय विचारतो त्यावरून. भाव सांगण्याआधी "बोअर आहे का? हौद किती लिटरचा? पाणी किती दिवसाआड येतं?" असं विचारणारा माणूस ठेवा. इथलं बोअरचं पाणी जड असतं, नळाच्या जाळीवर आणि गिझरच्या कॉइलवर पांढरा थर धरतं. बोअर आणि महापालिकेची लाइन एकाच पाइपात मिसळू, म्हणजे खर्च वाचेल, असं जो सुचवेल त्याला तिथूनच नमस्कार करा. नळालाच थेट मोटर लावून देतो म्हणणाराही त्याच रांगेतला. मोटर जप्त होते ती तुमची, त्याची नाही.

एक बारीक गोष्ट. सीपीव्हीसी, म्हणजे गरम पाण्याच्या पाइपाचं सोल्युशन (सांधे चिकटवायचं) वेगळं असतं आणि साध्या पीव्हीसीचं वेगळं. पिशवीत एकच डबा असेल आणि तो सगळीकडे तेच फासत असेल, तर थांबवा. डब्यावर काय लिहिलंय ते स्वतः वाचा. सोलापूरच्या चव्वेचाळीस अंशांत गच्चीवर सोल्युशन ब्रशवरच वाळायला लागतं, म्हणून आमचे मामा उन्हाळ्यात गच्चीचं काम सकाळी सातलाच धरतात. पाइपावर आयएसआयचा शिक्का आणि त्याच्या वरच्या बाजूला आयएस क्रमांक असतो. गरम पाण्याच्या सीपीव्हीसीला 15778, थंड पाण्याच्या यूपीव्हीसीला 4985. पाइप भिंतीत गाडण्याआधी मोबाइलवर फोटो काढून ठेवा, पुढे टाइलला ड्रिल मारताना दुवा द्याल.

मोटरचं वायरिंग प्लंबरकडून करून घेऊ नका. "तेबी करतो की" म्हणतील. ते काम वायरमनचं आणि त्याचा परवाना वेगळा असतो.

राहिले पैसे. बाकीच्या शहरांत काम झालं की नळ सोडून बघतात आणि हिशेब मिटवतात. इथे रस्त्याकडच्या लाइनीत त्या दिवशी पाणीच नसतं! शनिवारी काम होतं, पैसे दिले जातात आणि मंगळवारी रात्री दीडला पाणी आल्यावर सांधा फुसफुसतो. म्हणून ठरवतानाच बोला: सामानाचे पैसे बिल बघून आधी, मजुरीतले निम्मे काम झाल्यावर, उरलेले पाण्याच्या दिवसानंतर. चिठ्ठीवर लिहा, खाली त्याची सही आणि परवाना क्रमांक घ्या. आतल्या लाइनीसाठी वाट बघायची गरज नाही, टेस्टिंग पंप लावून दाब भरायचा आणि काटा रात्रभर जागेवर राहतो का ते बघायचं. भिंत बुजवायच्या आधी. मात्र जानेवारीत गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेच्या दिवसांत काम काढू नका, कुणी यायचं नाही.

आणि पाण्याच्या दिवशी खड्डा उघडाच ठेवायला सांगा. जोडाखाली कोरडा पेपर अंथरा, बॅटरी घेऊन बसा. पाणी आल्यावर तासभर पेपर कोरडा राहिला तर सकाळी फोन करून उरलेले पैसे देऊन टाका, आणि खड्डा त्याच्याकडूनच बुजवून घ्या.