घरच्या म्युझिकब्रेंझ सर्व्हरवरून टॅगिंग करताना इंडेक्स विसरू नका

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातील आमच्या घरी आजोबांच्या कॅसेटी आणि सीडींवरून उतरवलेल्या सुमारे ९,००० फायली आहेत. त्यांत गायक, गाणी व अल्बम यांची नावे भरण्यासाठी (टॅगिंग) मी पिकार्ड हा प्रोग्राम वापरतो, आणि तो ही माहिती म्युझिकब्रेंझ या संगीताच्या खुल्या डेटाबेसमधून घेतो. म्युझिकब्रेंझचा सार्वजनिक सर्व्हर एका आयपी पत्त्यावरून सेकंदाला सरासरी एकच विनंती स्वीकारतो. त्यामुळे फायलीमागे एक शोध धरला तरी अडीच तास लागतात, आणि अल्बमची माहिती त्यानंतर वेगळी मागवावी लागते. संग्रह दोन-तीनशे अल्बमांचा असेल तर घरी सर्व्हर उभारण्याच्या खटपटीत पडू नये.

लिनक्स, डॉकर (तयार बांधलेले सॉफ्टवेअर स्वतंत्र कप्प्यांत चालवण्याची सोय), १६ जीबी रॅम आणि साडेतीनशे-चारशे जीबी मोकळी एसएसडी आपल्याकडे आहे असे मी गृहीत धरतो. म्युझिकब्रेंझचा डॉकर-संच उतरवून बांधावा आणि डेटाबेस तयार करण्याची आज्ञा ताजा डंप (संपूर्ण डेटाबेसची प्रत) उतरवण्याच्या पर्यायासह चालवावी. यूपीएस मात्र हवाच. मे महिन्यात ऐन आयातीत आमच्याकडे दोनदा वीज गेली आणि दोन्ही वेळा अर्धवट डेटाबेस पुसून सगळे पहिल्यापासून करावे लागले.

आता इंडेक्स, म्हणजे झटपट शोधासाठीची सूची. डेटाबेस भरला आणि ब्राउझरमध्ये पान उघडले की सर्व्हर तयार झाला, असे अनेक जण सांगतात. ते साफ चूक आहे. पिकार्ड नावांवरून जो शोध घेतो तो डेटाबेसमध्ये होत नाही, सोलर या शोधयंत्राच्या इंडेक्समध्ये होतो, आणि तो इंडेक्स आपोआप तयार होत नाही. माझ्याकडे म्युझिकब्रेंझचे आयडी आधीच असलेल्या फायली क्षणात जुळत आणि उरलेल्या एकीलाही उत्तर मिळत नसे. मी सर्व्हरच्या पानावर गायक कृष्णराव शंकर पंडितांचे नाव शोधले, तर ते लगेच सापडले, म्हणून दोन आठवडे मी पिकार्डच्याच सेटिंग्ज तपासत राहिलो. शोधपट्टीशेजारच्या यादीत ‘थेट डेटाबेस शोध’ निवडलेला होता, आणि त्या शोधाला इंडेक्स लागतच नाही, हे फार उशिरा लक्षात आले. चाचणी नेहमी इंडेक्सवरच्या शोधानेच घ्यावी.

इंडेक्स स्वतः बांधण्याचा हट्ट धरू नये. माझ्या संगणकावर त्यात एक रात्र आणि दुसरा अर्धा दिवस गेला, आणि सोलरला रॅम कमी पडल्यामुळे काम मध्येच तुटले. तयार इंडेक्स उतरवून भरण्याची सोय त्याच डॉकर-संचात आहे, तीच वापरावी. डेटाबेस अद्ययावत केल्याने इंडेक्स अद्ययावत होत नाही, त्यासाठी वेगळी जोडणी करावी लागते. मी ती केलेली नाही. महिन्यातून एकदा नवा इंडेक्स उतरवतो आणि घरगुती कामाला तेवढे पुरते.

म्युझिकब्रेंझ चालवणाऱ्या मेटाब्रेंझ संस्थेच्या खात्यातून टोकन (प्रवेशासाठीचा संकेत) घेऊन डेटाबेसचे रोजचे अद्ययावतीकरण लावावे. डेटाबेसच्या रचनेत बदल जाहीर झाला की ते थांबते आणि संच नव्या आवृत्तीवर न्यावा लागतो.

पिकार्डमध्ये सर्व्हरचा पत्ता ‘लोकलहोस्ट’ आणि पोर्ट ५००० द्यावा. हे पोर्ट राउटरवरून बाहेर उघडू नये. चुकलेली नावे दुरुस्त करायची असल्यास ती मूळ संकेतस्थळावरच करावीत, कारण घरची प्रत केवळ वाचण्यासाठी असते.

ध्वनिठशांवरून (फायलीतल्या आवाजाच्या खुणेवरून) होणारी ओळख आणि मुखपृष्ठांची चित्रे यांसाठी पिकार्ड तरीही बाहेरच्याच सर्व्हरांकडे जातो. म्हणून पहिल्या फेरीत चित्रे उतरवण्याचा पर्याय बंद ठेवावा, आणि सर्व नावे जुळल्यावर रात्रीच्या वेळी तो स्वतंत्रपणे चालू करावा.