दूरचित्रवाणीच्या पुरस्कारांची यादी तंत्राच्या टोकाकडून कशी वाचावी

सप्टेंबरमध्ये अमेरिकेतील दूरचित्रवाणीच्या एमी पुरस्कारांचा सोहळा झाला की दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत सर्वोत्कृष्ट मालिका, नायक आणि नायिका एवढीच नावे येतात, आणि बहुतेक वाचकांसाठी विषय तिथेच संपतो. बडोद्यात मराठी नाट्यमंडळांमध्ये काम करणारी, विद्यापीठात दृश्यकला किंवा प्रयोगकला शिकणारी आणि घरी बसून मालिका मन लावून पाहणारी मंडळी पुष्कळ आहेत. या यादीत त्यांच्या सर्वाधिक उपयोगाचा जो भाग असतो, तोच बातमीतून गळलेला असतो. २०२४ मध्ये ‘शोगुन’ या मालिकेने एकाच हंगामासाठी अठरा एमी मिळवून विक्रम केला. त्यांपैकी चौदा पुरस्कार मुख्य सोहळ्याच्या एक आठवडा आधी झालेल्या ‘क्रिएटिव्ह आर्ट्‌स’ सोहळ्यात, म्हणजे प्रामुख्याने छायाचित्रण, संकलन, ध्वनी, वेशभूषा आणि रंगभूषा यांसारख्या कामांसाठी मिळाले होते. म्हणून यादी हाती घेतली की ती शेवटाकडून, तंत्राच्या बाजूने वाचायला सुरुवात करावी.

त्याआधी पुरस्कार नेमका कोणत्या संस्थेचा आहे, हे पाहून घ्यावे. ‘एमी’ हे नाव एक असले तरी ते देणाऱ्या संस्था तीन आहेत. लॉस एंजेलिसची टेलिव्हिजन अकॅडमी प्राइमटाइम एमी देते. न्यूयॉर्कच्या राष्ट्रीय अकादमीकडे दिवसाचे कार्यक्रम, बातम्या, माहितीपट आणि क्रीडा यांचे पुरस्कार आहेत. अमेरिकेबाहेर तयार झालेल्या कार्यक्रमांसाठी आंतरराष्ट्रीय अकादमीचे पुरस्कार असतात आणि ते नोव्हेंबरमध्ये न्यूयॉर्कला दिले जातात. ‘दिल्ली क्राइम’ला २०२० मध्ये सर्वोत्कृष्ट नाट्यमालिकेचा आणि वीर दास यांना २०२३ मध्ये विनोदी कार्यक्रमाचा जो सन्मान मिळाला, तो या तिसऱ्या संस्थेचा. तिच्या यादीत मालिका, अभिनय, माहितीपट, लहान मुलांचे कार्यक्रम अशा श्रेणी आहेत, पण संकलक, ध्वनिमुद्रक किंवा कलादिग्दर्शक यांच्यासाठी वेगळी श्रेणी नाही. भारतीय तंत्रज्ञांची नावे त्या यादीत का दिसत नाहीत, याचे उत्तर पुष्कळदा एवढेच असते. त्यावरून आपल्याकडच्या कामाच्या दर्जाविषयी कोणताही निष्कर्ष काढू नये. तंत्राचा अभ्यास करायचा असेल तर प्राइमटाइम एमीची यादी घ्यावी, किंवा ब्रिटिश अकादमीच्या ‘टेलिव्हिजन क्राफ्ट’ पुरस्कारांची, जे २००० पासून स्वतंत्र सोहळ्यात दिले जातात.

एमीमध्ये कला आणि तंत्र यांची सांगड मुळापासूनच आहे. पहिला सोहळा २५ जानेवारी १९४९ रोजी झाला, आणि तेव्हा फक्त लॉस एंजेलिस परिसरात तयार झालेल्या कार्यक्रमांचा विचार झाला होता. एमी हे नाव कॅमेऱ्यातील इमेज ऑर्थिकॉन नळीच्या ‘इमी’ या टोपणनावावरून आले. पुरस्काराच्या मूर्तीचे सत्तेचाळीस आराखडे नाकारल्यानंतर अकादमीने लुई मॅकमॅनस या दूरचित्रवाणी अभियंत्याचा आराखडा स्वीकारला. त्यातील पंख कलेच्या देवतेचे आहेत आणि हातात उंच धरलेला अणू विज्ञानाचा. बडोद्याच्या माणसाला ही जोडी परकी वाटू नये. सयाजीराव महाराजांच्या काळात सुरू झालेल्या कलाभवनात चित्रकला आणि यंत्रविद्या एकाच छताखाली शिकवल्या जात होत्या, आणि दादासाहेब फाळके हे त्याच कलाभवनाचे विद्यार्थी होते.

यादीतील श्रेणी समजून घेण्यासाठी मराठी वाचकाकडे एक चांगली सवय आधीपासून आहे. राज्य नाट्य स्पर्धेचा निकाल ज्यांनी वर्षानुवर्षे वाचला आहे, त्यांना नेपथ्य, प्रकाशयोजना आणि रंगभूषा यांची पारितोषिके वेगळी असतात आणि नाटक पहिले आले नाही तरी त्याचे नेपथ्य पहिले येऊ शकते, हे सांगावे लागत नाही. तीच दृष्टी इथे लावावी. फरक इतकाच की एमीच्या श्रेणी अधिक बारीक विभागलेल्या आहेत. ऐतिहासिक, कल्पनारम्य आणि समकालीन वेशभूषेसाठी वेगवेगळे पुरस्कार आहेत, कारण नऊवारी आणि दागिने घडवणारे हात आणि आजच्या नोकरदार बाईचा साधा कुर्ता अचूक निवडणारी नजर ही दोन निराळी कौशल्ये आहेत आणि दुसरे कौशल्य सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. रंगभूषेतही कृत्रिम अवयव लावून केलेले काम आणि साधे काम वेगळे मोजले जाते. संकलनात एका कॅमेऱ्याने चित्रित केलेल्या मालिका आणि अनेक कॅमेऱ्यांनी एकाच वेळी चित्रित केलेल्या मालिका वेगळ्या धरल्या जातात. पात्रनिवडीलाही इथे पूर्वीपासून पुरस्कार आहे. ऑस्करने तो सुरू करण्याचा निर्णय २०२४ मध्ये जाहीर केला.

सर्वाधिक गोंधळ ध्वनीच्या बाबतीत होतो, म्हणून तिथे थोडे थांबावे. ध्वनिसंकलन म्हणजे दृश्यासाठी लागणारा प्रत्येक आवाज शोधणे, नव्याने तयार करणे आणि नेमक्या जागी बसवणे: पावले, दाराची कडी, पत्र्यावरचा पाऊस, लांबून येणारी रेल्वेची शिटी. ध्वनिमिश्रण म्हणजे संवाद, हे सर्व आवाज आणि संगीत यांपैकी कोणत्या क्षणी काय पुढे आणायचे आणि काय मागे ठेवायचे, हे ठरवणे. ऑस्करने २०२१ च्या सोहळ्यापासून या दोन्हींचा एकच पुरस्कार केला; एमीने मात्र दोन वेगळे ठेवले आहेत, आणि शिकणाऱ्याच्या दृष्टीने एमीची पद्धत मला अधिक योग्य वाटते, कारण ती आपल्याला दोन निराळे प्रश्न विचारायला लावते. हा आवाज इथे का आहे, हा पहिला प्रश्न. आणि तो एवढाच मोठा का आहे, हा दुसरा.

अभ्यासासाठी एखादीच मालिका निवडायची असेल तर चेर्नोबिलच्या अणुदुर्घटनेवरची ‘चेर्नोबिल’ घ्यावी. २०१९ मध्ये तिला मिळालेल्या दहा एमींपैकी सात तांत्रिक श्रेणींतले होते: छायाचित्रण, संकलन, कलादिग्दर्शन, ध्वनिसंकलन, ध्वनिमिश्रण, संगीत आणि दृश्यपरिणाम. संगीतकार हिल्दुर गुडनादोत्तिर यांनी लिथुआनियातील एका बंद झालेल्या अणुवीज केंद्रात जाऊन तिथले आवाज मुद्रित केले आणि त्यांतूनच पार्श्वसंगीत घडवले. त्यामुळे यंत्राचा आवाज कुठे संपतो आणि संगीत कुठे सुरू होते, हे ऐकणाऱ्याला सहज सांगता येत नाही. त्या दुर्घटनेतील किरणोत्साराची भीतीही अशीच, न दिसणारी होती. संगीत आणि ध्वनी या श्रेणी एकमेकींत कशा मिसळतात, याचे याहून स्पष्ट उदाहरण मला माहीत नाही.

आता पाहण्याची पद्धत. अभिनय, दिग्दर्शन, लेखन, संकलन अशा श्रेणींत स्पर्धेसाठी साधारणपणे एकच भाग सादर केलेला असतो आणि त्यावरच मत दिले जाते. नामांकनांच्या यादीत बहुधा त्या भागाचे नाव दिलेले असते. अकादमीच्या संकेतस्थळावरून ते टिपून घ्यावे आणि तोच भाग पाहावा, कारण संपूर्ण मालिका आवडली म्हणून तिचे संकलन श्रेष्ठ ठरत नाही. पहिल्यांदा भाग नेहमीसारखा, कथेसाठी पाहावा. नंतर त्यातील सात-आठ मिनिटांचा एक प्रसंग निवडून आवाज पूर्ण बंद करून पाहावा: प्रकाश कोणत्या बाजूने येतो, चेहरा केव्हा अंधारात जातो, भिंतीच्या रंगाशी कपड्यांचा रंग जुळतो की भांडतो. मग तोच प्रसंग पडद्याकडे पाठ करून फक्त ऐकावा. शेवटी पुन्हा चित्र पाहताना प्रत्येक कट नेमका कोणत्या शब्दावर किंवा नजरेवर पडतो, हे वहीत लिहावे. बोलणाऱ्यापेक्षा ऐकणाऱ्याचा चेहरा किती वेळा दाखवला, एवढी एकच नोंद ठेवली तरी संकलकाचे मन कळू लागते. ही नोंद घाईने करू नये. ज्यांना वेळ नसेल त्यांनी प्रसंग लहान घ्यावा, पण फेऱ्या कमी करू नयेत.

मत कोण देते, हेही ध्यानात ठेवावे. टेलिव्हिजन अकॅडमीचे वीस हजारांहून अधिक सदस्य व्यवसायाप्रमाणे शाखांत विभागलेले आहेत. संकलनासाठी संकलक आणि वेशभूषेसाठी वेशभूषाकार नामांकने ठरवतात, आणि सर्वोत्कृष्ट मालिकेसारख्या श्रेणीत सर्व शाखांचे सदस्य मत देतात. म्हणून तांत्रिक पुरस्कार ही समव्यावसायिकांची दाद असते, तर मोठ्या पुरस्कारांत लोकप्रियता आणि प्रसिद्धीचा भाग अधिक मिसळण्याचा संभव असतो. काही श्रेणी परीक्षक मंडळाकडे सोपवलेल्या असतात. तिथे एकाला, अनेकांना किंवा कोणालाच पुरस्कार न देण्याची मुभा असते. प्रेक्षकांच्या मतांवर दिलेल्या पुरस्कारांशी या पुरस्कारांची तुलना करू नये.

अभियांत्रिकीचे एमी या सर्वांपासून वेगळे वाचावेत, कारण ते कार्यक्रमाला नव्हे तर तंत्रज्ञानाला दिले जातात. चित्र कमी जागेत पाठवण्याच्या ‘एच.२६४’ या मानकाला २००८ मध्ये असा सन्मान मिळाला. मोबाइलवर मालिका पाहणे सुलभ झाले त्यामागे हे काम आहे. आपल्या परिसरातही अशी परंपरा आहे. अहमदाबादच्या अंतराळ उपयोग केंद्राने १९७५ मध्ये बडोद्याशेजारच्या खेडा जिल्ह्यात, पीज गावातील प्रक्षेपकावरून, तिथल्या शेतकऱ्यांसाठी त्यांच्याच भाषेत आणि त्यांच्याच प्रश्नांवर कार्यक्रम दाखवायला सुरुवात केली, आणि या खेडा प्रकल्पाला पुढे युनेस्कोचा ग्रामीण संवादासाठीचा पुरस्कार मिळाला. त्याचे नाव आज बडोद्यात फार थोड्यांना आठवते, याचे मला वाईट वाटते.

शेवटी हीच पद्धत आपल्या मराठी मालिकांना लावावी. चार-पाच जणांचा गट पुरेसा आहे, आणि त्यात नाटकाची प्रकाशयोजना किंवा रंगभूषा करणारे कोणी असेल तर फारच उत्तम. श्रेयनामावली पुढे ढकलू नये. ध्वनिमुद्रक, संकलक, कलादिग्दर्शक आणि वेशभूषाकार यांची नावे लिहून घ्यावीत आणि तीच माणसे आणखी कुठे काम करतात, याचा माग ठेवावा. एकाच चेहऱ्यावर तीनदा कॅमेरा नेला तर त्याने प्रसंगात नेमकी काय भर पडली, पार्श्वसंगीत काढून टाकले तर संवाद उभा राहतो का, असे प्रश्न मालिकेला आणि स्वतःच्या नाट्यप्रयोगालाही विचारावेत. एमीची नामांकने जुलैमध्ये जाहीर होतात. तेव्हा गटाने दोन किंवा तीनच श्रेणी निवडाव्यात, प्रत्येकाने आपले मत कारणासह लिहून पाकिटात बंद करावे, आणि सप्टेंबरमध्ये निकाल लागल्यावर पाकिटे उघडून विजेत्या भागातील एक प्रसंग सर्वांनी पुन्हा एकत्र पाहावा.